मागची अर्धी ओळ

१२ मे, सोमवार

पुन्हा कविता! या वयात, या उन्हात!

दुपारी दीपमालाबाई आल्या. तलमडुगूच्या पलीकडे, तेलुगू मुलखातल्या मराठी बोरकुंट्याला राहतात, तिथल्याच शाळेत मराठी शिकवतात. आज बुद्धपौर्णिमा, म्हणून स्टीलच्या डब्यात खीर. डबा ठेवला आणि घाम पुसायच्या आधी कामाचं काढलं.

"गुरुजी, चार ओळी लिहून द्या. पोरायकडून पाठ करून घ्यायच्या."

"विषय?"

"पोलिसानं थांबवलं तर काय करावं."

मी पाठशाळेत घासलेला माणूस. सवयीने विचारलं, "रस कोणता धरू? वीर? करुण?"

"भय," म्हणाल्या. "पन कमी करनारा."

असा रस आम्हाला शिकवला नव्हता.

प्रकार असा. कपाशीच्या पेरणीचे दिवस जवळ आले की सीमेपलीकडून बिनपरवान्याचं बी येतं, चोरबी. त्यासाठी बोरकुंट्याच्या फाट्यावर पहाटेपासून तपासणी. मागच्या हप्त्यात गावातली दोन पोरं खाकी बघूनच पळाली. त्यांच्याकडे बी नव्हतं, काहीच नव्हतं, नुसती भीती होती. एक जण पुलाच्या कठड्यावर आपटला, हात मोडला. वर "पळाला काऊन?" म्हणून कागद झाला तो वेगळाच.

आणि दीपमालाबाईंचा अमरदीप कॉन्स्टेबलच्या भरतीची तयारी करतोय. लेखी निघाली, पळायची परीक्षा बाकी. नावावर एक केस चढली की सगळं संपलं.

"माहं पोरगं पोलिसात जायाचं आहे, गुरुजी. पोलिसाच्या हातात नाही."

हो म्हटलं. खिरीत वेलची होती.

१४ मे, बुधवार

लिहिलं. शुद्ध अनुष्टुभ! "स्थिरपाद, मितवाणी, प्रदर्शित करद्वय" वगैरे. स्वतःवरच खूष होऊन दीपमालाबाईंना फोनवर वाचून दाखवलं.

"गुरुजी, हे म्हनेस्तोवर दोन कानाखाली बसून जातीन."

बायको, दमयंती, आत हिशेबाची सुट्टी खात बसली होती — ट्रेझरीवाल्यांना सुट्टीही मोजून खायची सवय. म्हणाली, "अहो, राहू द्या ना. ऐकून पोलीसच पळून जाईल. तेही संरक्षणच."

कागद फाडला. ताक प्यालो.

१८ मे, रविवार

बोरकुंट्याच्या विहारात बैठक. पत्र्याखाली माणसं भाजत होती, पण जागची हलली नाहीत. पोरं एका बाजूला भिंतीला टेकून, बाया पुढे, म्हातारे दारात हवेला.

दीपमालाबाईंनी एक कमाल केली. खुशालला बोलावून आणलं! खुशाल हेडकॉन्स्टेबल, मूळचा मुधोळचा, घरात मराठी. मी नांदेडच्या पेपरचा बातमीदार, माझ्या निम्म्या बातम्या त्याच्याच तोंडून येतात. साध्या शर्टात आला होता, तरी पोरांच्या पाठी भिंतीला आणखी चिकटल्या.

पहिला प्रश्न पंचफुलाचा. ही अमरदीपची आत्या, आशा वर्कर, स्कूटीवरून अख्ख्या मंडलात गोळ्या वाटत फिरते, कुणाला भीत नाही.

"खुशालभाऊ, थांबला मानूस तरी काऊन मारते तुमी?"

"मी नाही मारत, बाई."

सगळं विहार हसलं. तोही हसला. "बरं. कधीमधी."

मग मात्र तो नीट बोलला. मी लिहून घेत नव्हतो, तरी राहिलंय. म्हणाला, "अंधारात एखाद्याचा हात खिशाकडं गेला ना, तर माहाही जीव वर येते. तो मोबाइल काढून राह्यला का चाकू, मले काय मालूम? हात दिसले की मी मानसात येतो."

"आन् आमी कधी यावं मानसात?" एका पोराने भिंतीपासूनच विचारलं.

खुशालने पाणी मागितलं. पोरानेच उठून दिलं.

तिथेच ओळी झाल्या. मी फक्त तोल सांभाळला. हात खुशालचे, राग दीपमालाबाईंचा. "कुठी घेऊन चालले" हे पंचफुलाचं. तिच्या दिराला एकदा नेलं, तर दोन दिवस कोणत्या ठाण्यात आहे तेच कळलं नव्हतं. शेवटची ओळ कुणाची, सांगता येत नाही. दारातून आली.

थांबलो जी, पळत नाही — हात दोनी उजेडात
नाव सांगतो, गाव सांगतो — राग ठेवला घरात
कुठी घेऊन चालले जी — सांगा मले एक डाव
जातो पन एकला नाही — मागं उभं माझं गाव

छंदाचं नाव विचारू नये. पण चालतं. पायांवर चालतं.

म्हणायची रीतही आपोआप ठरली, इथे सगळंच तसं म्हणतात. पुढचा अर्धा एकाने, मागचा अर्धा सगळ्यांनी. अमरदीपचा आवाज मोकळा, त्याला पुढे उभं केलं. "जातो पन एकला नाही" म्हणून तो थांबायचा, की पत्र्यासकट सगळे: "मागं उभं माझं गाव!"

अंगावर काटा आला. कुणाला सांगितलं नाही. फोटो काढले.

२१ मे, बुधवार

त्रेचाळीस अंश. कूलरमधून वाफ येते. बातमी: सरकारी बियाण्यासाठी रांग. मागच्या वर्षीची काढून तारीख बदलली असती तरी चाललं असतं. बदलली नाही. अजून तेवढा थकलो नाही.

२५ मे, रविवार

पुन्हा बोरकुंटा. तालीम! खुशाल खोटाखोटा पोलीस झाला. खऱ्याने खोटं होणं फार अवघड असतं, सारखा हसत होता. "आगू! पेरेंटि?" म्हणून ओरडायचा — थांब, नाव काय — की पोरं हात पुढे करून थांबायची. तेलुगूत विचारलं तरी नाव-गाव न अडखळता सांगायचं, एवढं जमलंय.

लहान पोरांनी ओळींचा पार चोथा केलाय. आईने दळणाला पाठवलं तरी "जातो पन एकला नाही!" आणि गल्लीभर उत्तर.

दीपमालाबाई खूष. मीही. एवढ्या वर्षांत माझं काही कुणी पाठ केलं नव्हतं.

२९ मे, गुरुवार

सकाळी नेहमीसारखा ठाण्यात गेलो. कोणतं ठाणं ते लिहीत नाही, कागदालाही कान असतात. नवे एसआय साहेब तरुण आहेत, तेलुगू, मला प्रेमाने "पंतुलुगारू", म्हणजे गुरुजीच, म्हणतात. त्यांचा चहा, माझं विचारणं, त्यांचं सांगणं: पोट यावरच चाललंय.

चहाचा ग्लास हातात आला आणि व्हरांड्याकडे नजर गेली.

अमरदीप. खाली फरशीवर. बूट काढलेले. डावा गाल सुजलेला.

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. ओळख दाखवू नये एवढी अक्कल त्या पोराला होती. माझ्यासाठी!

मी चहा संपवला. हे लिहून ठेवायला हवं. संपवला.

मग बाहेर येऊन दीपमालाबाईंना फोन, आणि गेटाशी खुशालला गाठून कानात. खुशालने काय केलं माहीत नाही, दुपारी सोडलं. केस नाही.

दमयंतीला सांगितलं. तिने ताट वाढलं. बोलली असती तर बरं.

१ जून, रविवार

विहारात सगळे. या वेळी कुणी भिंतीला टेकलेलं नव्हतं.

अमरदीपने सांगितलं. पहाटे पळत होता, रोजच्यासारखा. पाठीवर वजन हवं म्हणून मागच्या सालच्या बियाण्याची रिकामी पाकिटं रेती भरून, शिवून पिशवीत घातलेली. (या जिल्ह्यात पळणाऱ्याच्या पाठीवर बियाण्याची पाकिटं! आणि तेही या महिन्यात! "तुह्या डोक्यात रेती होती का?" पंचफुला.) फाट्यावर बॅटरी पडली. "आगू!"

"थांबलो, गुरुजी. हात पुढं केले. नाव सांगतलं, गाव सांगतलं. पाकिटं दिसली तसे ते तापले. गाडीत बस म्हने. कुठी नेता, म्हटलं. आरामात म्हटलं. मग म्हटलं, जातो पन एकला नाही..."

थांबला.

"मग?" मी.

"मग काय. थांबलो."

"पुढे बोलला का नाहीस?"

माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच वेडा. "मागची ओळ माही कुठं आहे, गुरुजी? ते तर सगळ्यायची."

"एकला नाही" म्हणून पोरगं वाट बघत उभं. साहेबाला वाटलं, आणखी माणसं लपलीत. कुठे आहेत ते सांगत नाही. "एवरु? एवरुन्नारु?" कोण, कोण आहे? हा गप्प. तिथे गालावर.

कुणी हसलं नाही. मला तर वाटलं पत्राच डोक्यावर आला. छंद शिकवला, वळण शिकवलं. एकटा असताना कसं म्हणायचं, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. इथे एकटं कुणी काही म्हणतच नाही!

दीपमालाबाई मास्तरीणच. खडू घेतला: "आजपासून दोनी अर्धे सगळ्यायनं एकट्यानं म्हनाचे. चल, तू म्हन."

"थांबा वयनी," पंचफुला. "ते होईन. पन मले सांगा, त्या दिवशी ओळ खरी होती का? मागं कोन उभं होतं?"

यावर खडू खाली आला.

ठरलं असं. प्रत्येक पोराने एक माणूस धरायचा. थांबवलं, नेलं, की फोन मिळेल तेव्हा त्याला लावायचा आणि फक्त पुढचा अर्धा म्हणायचा, लांबड नाही. ऐकणाऱ्याने मागचा अर्धा म्हणायचा आणि उठून ठाण्यात जायचं. भांडायला नाही. नुसतं दिसायला, जसे हात दिसायला हवेत, तसा मागचा माणूसही दिसायला हवा. हे खुशाल बोलला. तो आज कोपऱ्यात होता, खालमानेनं.

पोरांनी धरले: मामा, सरपंच, चुलतभाऊ, पंचफुला (चौघांनी!).

अमरदीप म्हणाला, "मी गुरुजीले धरतो."

मी म्हटलं, मी बातमीदार. मी लिहितो, मधे पडत नसतो. माझं रोजचं जाणं-येणं, सगळं बंद होईल.

कुणी आग्रह केला नाही. अमरदीप एवढंच म्हणाला, "तुमी तिथंच तर असता, सकाळी."

२ जून, सोमवार

फोन केला. दीपमालाबाईंना म्हटलं, अमरदीपला सांगा, माझ्याऐवजी दुसरं कुणी धर. कारणं दिली. चांगली होती कारणं, क्रमवार.

"बरं, गुरुजी," म्हणाल्या.

फक्त "बरं".

३ जून, मंगळवार

मागं उभं राहणं टाळलं, तर निदान बातमी तरी द्यावी. पाठवली: पोलीस-ग्रामस्थ संवाद, गावाने रचलेली कविता, हेडकॉन्स्टेबलचा सहभाग (नाव नाही). सभ्य, गुळगुळीत. कुणाचा केस वाकडा होणार नाही अशी.

५ जून, गुरुवार

छापली. नांदेडच्या डेस्कवर कुणी नवा हुशार बसलाय. मथळा:

"पोलिसांशी दोन हात! बोरकुंट्याचं बंडखोर गाणं"

दोन हात! आम्ही दोन्ही हात उजेडात ठेवायला शिकवत होतो.

आणि फोटो. माझाच. अमरदीप पुढे, तोंड उघडं, हात वर.

डेस्कला फोन केला. म्हणाला, "सर, वेबवर फार वाचलंय!" मी म्हटलं, "हो. जिथे नको तिथेही."

६ जून, शुक्रवार

ठाण्यात गेलो. नमस्कार केला. एसआय साहेब फाइलमधून वर बघेनात. तिथे कुणी मराठी वाचत नाही, पण फोटो सगळ्यांना वाचता येतो, आणि मथळा वाचून दाखवणारे असतातच.

चहा आला नाही. ठाण्यात चहा न येणं हाही एक पंचनामाच.

जाताना म्हणाले, "पंतुलुगारू, तो गाणारा पोरगा भरतीला बसलाय ना?"

"हो."

"बरं."

आठवड्यात दुसरं "बरं". हे पहिल्यासारखं नव्हतं.

८ जून, रविवार

बोरकुंट्याला गेलो. माफी मागायला म्हणावं, तर मथळा माझा नाही. न मागावं, तर फोटो माझा. दीपमालाबाईंनी मला बसवलं, पाणी दिलं. त्यांनी काही म्हणायच्या आत पंचफुला म्हणाली, "फोटोत आमचा पोट्टा मात्र छान आला."

अमरदीप पळायचं सोडणार होता. परीक्षा तोंडावर! दीपमालाबाईंनीच सोडू दिलं नाही. आता तो पहाटे पळतो आणि मागून पंचफुलाची स्कूटी, हेडलाइट लावून. रेतीची पिशवी बंद. "रेतीच्या वजनापरीस मी मागं आहे तेच जास्त वजन," म्हणते. आजूबाजूची कुत्री दोघांच्याही मागे.

निघताना अमरदीप फाटकापर्यंत आला. मी विचारलं, "मग कुणाला धरलंस?"

"पाहून राह्यलो," म्हणाला. लाजला. "नंबर तर तुमचाच पाठ झालाय, गुरुजी."

९ जून, सोमवार

खुशाल बसस्टँडवर दिसला. मी हात केला, तो पानठेल्याच्या आड गेला. मग माझ्या बाजूने जाताना चालता चालता, न बघता: "साहेबाच्या डोक्यात तेच पोट्टं आहे. पंचफुलाबाईले म्हना, स्कूटी सोडू नका. आन् मले फोन नका करू काही दिवस."

नोकरी त्यालाही आहे. दोन मुली. एक नर्सिंगला.

दीपमालाबाईंना निरोप दिला. दमयंती ऐकत होती. रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं, आणि आम्ही दोघांनी ती तशीच खाल्ली.

१० जून, मंगळवार

पंचफुलाला आज उटनूरला ट्रेनिंग, उद्या संध्याकाळी परत. अमरदीपला बजावून गेली, म्हणे: उद्या पळू नको.

एकवीस वर्षांचं पोरगं. आणि परीक्षा पुढच्या सोमवारी.

११ जून, बुधवार. उजाडतंय.

फोन वाजला. नंबर खुशालचा. मी "हॅलो" म्हणायच्या आत, अगदी हळू, तोंडावर हात ठेवून बोलावं तसा:

"जातो पन एकला नाही —"

आणि थांबला. मागे वायरलेस खरखरत होता. ठाण्यातून बोलत होता.

अर्धी ओळ खुशालची नव्हती. त्याला म्हणायची गरजही नव्हती. नोकरी जाईल अशी ओळ. अमरदीप पळायला गेलाच असणार; त्याला फोन दिला नसणार, म्हणून त्याच्या वतीने.

मी म्हटलं, "मागं उभं माझं गाव."

फोन बंद झाला.

दीपमालाबाईंना कळवलंय, त्या निघाल्या. पंधरा जण बरोबर आहेत. मी त्यांच्या आधी पोचेन. दमयंतीने चपला दाराशी आणून ठेवल्यात, स्वतःच्याही.

पत्रकाराचं ओळखपत्र खुंटीवरच राहू देतो.